वाफेला वाट देणारा माणूस

सकाळी साडेसात-आठच्या सुमारास शहरातल्या कोणत्याही सोसायटीच्या जिन्यातून चालत गेले, की एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्याला उत्तर द्यावे तशा कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. कुठे वरण शिजत असते, कुठे बटाटे. तीन शिट्ट्या झाल्या, की गॅस बंद करायचा, एवढाच आपला त्या भांड्याशी संबंध. पण त्या शिट्टीमागे एका माणसाची कहाणी आहे. बंद भांड्यात कोंडलेल्या वाफेला आवर कसा घालायचा, हे त्याने सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वी जगाला दाखविले. त्या एका युक्तीवर आज घरातला कुकर चालतो, रुग्णालयातले निर्जंतुकीकरणाचे यंत्र चालते आणि दाबाखालचा विद्रावक साठविणाऱ्या कारखान्यातल्या टाक्याही सुरक्षित राहतात. ज्याने हे सारे दिले, तो मात्र लंडनमध्ये विपन्नावस्थेत मरण पावला आणि त्याच्या मृत्यूची नक्की तारीखही कोणी लिहून ठेवली नाही. त्याचे नाव डेनिस पापिन.

पापिन यांचा जन्म २२ ऑगस्ट १६४७ रोजी फ्रान्समधील ब्लॉय शहराजवळच्या शितने या गावी झाला. घराणे प्रोटेस्टंट पंथाचे. कॅथलिक राजाच्या राज्यात या पंथाच्या लोकांना, म्हणजे ह्यूगनॉटांना, त्या वेळी कायद्याने संरक्षण होते. परंतु ते दिवसेंदिवस आक्रसत चालले होते. पापिन यांनी आँजे येथील विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १६६९ मध्ये पदवी मिळविली. रोग्यांच्या नाडीपेक्षा यंत्रांची त्यांना अधिक ओढ होती. वैद्यकीचा व्यवसाय मागे पडला आणि १६७० नंतरच्या वर्षांत ते पॅरिसला, ख्यातनाम डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून दाखल झाले.

तो काळ हवेच्या शोधाचा होता. हवेला वजन आहे, तिचा दाब असतो आणि भांड्यातील हवा पंपाने उपसली, की बाहेरची हवा त्या भांड्यावर विलक्षण जोराने दाबते, हे युरोपला नुकतेच कळले होते. या जोराला कामाला कसे लावायचे, हा हायगेन्स यांचा ध्यास होता. नळकांड्यात थोडी बंदुकीची दारू पेटवायची, हवा बाहेर हुसकायची आणि मग बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येऊ द्यायचा, असा प्रयोग त्यांनी १६७३ मध्ये केला. त्यात त्यांच्या हाताखाली पापिन होते. त्याच सुमारास पॅरिसमध्ये असलेल्या लायब्निझ या तरुण जर्मन विद्वानाशी त्यांची ओळख झाली. ही ओळख पुढे तीसेक वर्षे पत्रांतून टिकली.

१६७५ मध्ये पापिन लंडनला गेले. तिथे त्यांना रॉबर्ट बॉईल यांनी आश्रय दिला. वायूचा दाब आणि आकारमान यांचा नियम ज्यांच्या नावाने आपण शाळेत शिकलो, तेच हे बॉईल. पापिन यांनी दोन नळकांड्यांचा सुधारित हवा-पंप सोबत आणला होता. पुढची काही वर्षे बॉईल यांच्या प्रयोगशाळेतले कितीतरी प्रयोग पापिन यांनीच पार पाडले आणि बॉईल यांनीही ते मोकळेपणाने मान्य केले. मदतनिसाच्या श्रमाचे श्रेय मालकाने द्यावे, हे त्या काळी अपवादानेच घडत असे. पापिन यांच्या वाट्याला आलेला हा अपवाद पुढे फारसा आलाच नाही.

१६७९ मध्ये पापिन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक जाड भिंतीचे, घट्ट झाकणाचे धातूचे भांडे ठेवले. ते त्याला 'डायजेस्टर', म्हणजे पाचक, म्हणत. पोटात अन्न विरघळते तसे या भांड्यात हाडे विरघळतात, असा त्या नावाचा रोख होता.

यामागचे शास्त्र सोपे आहे. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंश सेल्सियसला उकळू लागले, की कितीही जाळ लावला तरी अधिक तापत नाही; जास्तीची उष्णता वाफेबरोबर उडून जाते. झाकण घट्ट लावले, की वाफ आतच अडकते, दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. आजच्या घरगुती कुकरमध्ये आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅमने जास्त असतो आणि पाणी जवळपास १२० अंशांपर्यंत तापते. पापिन यांच्या भांड्यातला दाब याहून बराच अधिक होता. इतके तापलेले पाणी हाडांतून सरस, रस आणि चरबी बाहेर काढते आणि हाड ठिसूळ होऊन बोटांनी चुरडता येते. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर हे निष्कर्षण होय. घन पदार्थातून हवा तो अंश द्रवात ओढून घ्यायचा. इथे विद्रावक होते साधे पाणी. दाबाने त्याची शक्ती वाढविली होती.

पापिन यांच्या मनात यामागे एक लोकोपयोगी हेतू होता. खाटकाकडे फेकून दिल्या जाणाऱ्या हाडांतून गरिबांना पौष्टिक अन्न मिळावे, थोड्या कोळशात ते शिजावे आणि लांबच्या सफरीवरील खलाशांना त्याचा उपयोग व्हावा.

परंतु या भांड्यात एक धोका दडलेला होता आणि तो पापिन यांनी प्रथमपासून ओळखला होता. वाफ कोंडणारे भांडे म्हणजे एका अर्थी तोफच. दाब किती वाढला, हे बाहेरून दिसत नाही. आचेचा अंदाज चुकला, तर झाकण उडेल किंवा भांडेच फुटेल. यावर एक उपाय होता भांडे अधिक जाड करण्याचा. पण जाड भांडेही कधी तरी फुटणारच आणि जितके जाड, तितका त्याचा स्फोट भयंकर. पापिन यांनी निराळा विचार केला. झाकणाला एक लहान भोक पाडून त्यात छोटी नळी बसविली. नळीच्या तोंडावर एक झडप ठेवली आणि त्या झडपेवर एक तरफ टेकविली. तरफेच्या दुसऱ्या टोकाला वजन अडकविले. आतली वाफ ठरावीक जोरापेक्षा जास्त झाली, की ती वजनासकट झडप उचलते आणि फुसकन बाहेर पडते. जोर कमी झाला, की झडप आपोआप खाली बसते. वजन तरफेवर पुढे-मागे सरकविले, की हवा तो दाब ठरविता येतो. माणसाचे लक्ष असो वा नसो, झडप आपले काम करीत राहते. सुरक्षा झडपेचा जन्म असा झाला, असे सामान्यतः मानले जाते.

१६८१ मध्ये पापिन यांनी या भांड्यावर इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते पाककृतींचे पुस्तक म्हणून ओळखले गेले. प्रत्यक्षात ते दाबाखाली काम कसे करावे, याचे वस्तुपाठच आहे. भांडे कसे बंद करायचे, कोणत्या मांसाला किती आच लागते, किती कोळसा जळतो, याची त्यात बारकाईने नोंद आहे. त्या काळी भरवशाचा तापमापक नव्हता. म्हणून पापिन यांनी झाकणावर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि तो उडून जायला किती वेळ लागतो, हे सुमारे तीन फूट लांबीच्या लंबकाच्या हेलकाव्यांनी मोजायचे, अशी रीत बसविली. दाबाचा अंदाज झडपेवरच्या वजनावरून आणि उष्णतेचा अंदाज थेंबावरून. अंदाजपंचे काम न करता प्रत्येक गोष्ट मोजून करण्याची ही शिस्त, हीच खरी त्या पुस्तकाची शिकवण.

दरम्यान, बॉईल यांच्या शिफारशीने १६८० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले होते. एप्रिल १६८२ मध्ये सोसायटीच्या काही सदस्यांसाठी याच भांड्यात शिजविलेले भोजन झाले. जॉन एव्हलिन या प्रसिद्ध रोजनिशीकाराने त्या रात्रीचे वर्णन लिहून ठेवले आहे. गाय-बैलांची कठीण हाडे चीजसारखी मऊ झाली होती, मासे काट्यांसकट खाण्याजोगे झाले होते आणि हाडांच्या रसाची जेली तर त्याला फारच आवडली. मंडळी तृप्त होऊन घरी गेली. कौतुक पुष्कळ झाले. पगाराची सोय मात्र कोणी केली नाही.

पोटासाठी पापिन व्हेनिसला गेले. तिथे एका धनिकाच्या विज्ञानसभेत काही काळ काम केले. १६८४ मध्ये परत लंडनला येऊन रॉयल सोसायटीत प्रयोगांचे तात्पुरते व्यवस्थापक झाले. पगार वर्षाला ३० पौंड. त्यातच १६८५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने ह्यूगनॉटांचे उरलेसुरले हक्क काढून घेतले. हजारो कुटुंबे देश सोडून गेली. पापिन यांना मायदेशाचा दरवाजा त्या दिवसापासून बंद झाला.

जर्मनीतील हेसे-कासेलचा अधिपती कार्ल याने अशा निर्वासितांना आसरा दिला होता. त्याच्याच आमंत्रणावरून पापिन मारबुर्ग विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे १६९१ मध्ये त्यांनी मारी या आपल्या विधवा नातेवाईक स्त्रीशी विवाह केला. पगार बेताचा, विद्यार्थी थोडे आणि संसार वाढलेला. तरीही आयुष्यातला सर्वांत मोठा विचार त्यांना याच गावात सुचला.

बंदुकीच्या दारूने नळकांड्यातली सगळी हवा बाहेर जात नाही, ही हायगेन्स यांच्या प्रयोगातली अडचण त्यांना ठाऊक होती. डायजेस्टरने त्यांना वाफेचा स्वभाव शिकविला होता. पाण्याची वाफ झाली, की ती कितीतरी पट जागा व्यापते आणि थंड झाली, की पुन्हा चिमूटभर पाणी होऊन मागे पोकळी ठेवते. मग दारूऐवजी वाफच का वापरू नये? सुमारे अडीच इंच व्यासाच्या नळकांड्यात त्यांनी थोडे पाणी घातले, वर दट्ट्या बसविला आणि खाली आच दिली. वाफेने दट्ट्या वर गेला. आच काढून नळकांडे थंड होऊ दिले, तेव्हा आत पोकळी झाली आणि बाहेरच्या हवेने दट्ट्या खाली दाबताना ६० पौंडांचे वजन उचलले. १६९० मध्ये लाइपझिगच्या एका विद्वत्पत्रिकेत त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. नळकांडे, दट्ट्या आणि वाफ यांची ही सांगड म्हणजे पुढच्या वाफेच्या यंत्रयुगाचे बीज होते.

पुढे पापिन कासेलला राजाच्या सेवेत गेले. पाणबुडी नौका, पाणी चढविण्याचे यंत्र, पंखे, भट्ट्या असे कितीतरी प्रयोग त्यांनी केले. काही साधले, काही फसले. १६९८ मध्ये इंग्लंडच्या टॉमस सेव्हरी याने वाफेने पाणी उपसणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १७०५ मध्ये लायब्निझ यांनी त्या यंत्राचे रेखाचित्र पापिन यांना धाडले. त्यावरून त्यांना पुन्हा हुरूप आला आणि १७०७ मध्ये वाफेच्या बळाने पाणी चढविण्याच्या नव्या पद्धतीवर त्यांचा ग्रंथ निघाला. त्या यंत्रालाही त्यांनी आपली सुरक्षा झडप बसविली होती.

कासेलमधल्या मत्सराला कंटाळून त्यांनी आता लंडन गाठायचे ठरविले. वल्ह्यांऐवजी चाकांनी चालणारी एक बोट त्यांनी बांधली होती. ही वाफेची बोट होती, असे पुष्कळ पुस्तकांत छापले गेले आहे. पण ती चाके माणसांनी हातानेच फिरवायची होती. यात पुढे वाफेचे यंत्र बसवावे, हे मात्र त्यांचे स्वप्न होते. सप्टेंबर १७०७ मध्ये कुटुंबकबिल्यासह ते फुल्डा नदीतून निघाले. म्युंडेन गावाशी वेझर नदी सुरू होते. तिथून पुढच्या वाहतुकीचा मक्ता नावाड्यांच्या संघाकडे होता. परवाना मिळावा म्हणून लायब्निझ यांनी खटपट केली होती. ती फळाला आली नाही. नावाड्यांनी बोट अडविली, ओढून काठावर घेतली आणि तिची मोडतोड केली. साठ वर्षांच्या पापिन यांनी आपले स्वप्न डोळ्यांदेखत तुटताना पाहिले. ते कसेबसे लंडनला पोहोचले.

लंडन बदलले होते. बॉईल यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदी आयझॅक न्यूटन होते आणि पापिन हे लायब्निझ यांचे स्नेही. न्यूटन आणि लायब्निझ यांच्यातले वैर तर सर्वश्रुत आहे. पापिन यांनी आपले वाफेचे यंत्र सेव्हरीच्या यंत्राच्या तोडीस तोड तपासून पाहावे, त्यासाठी थोडा पैसा द्यावा, अशी विनंती केली. सोसायटीने मत विचारले ते सेव्हरीलाच. पैसा मिळाला नाही. पुढची काही वर्षे पापिन लहानसहान निबंध सादर करीत राहिले. २३ जानेवारी १७१२ रोजी त्यांनी सोसायटीचे चिटणीस हान्स स्लोन यांना पत्र लिहिले. आपले किती तरी निबंध सभेत वाचले गेले. पण नोंदीत आपले नावही आले नाही, अशी त्यात तक्रार होती आणि आपण हलाखीत आहोत, हेही होते. त्याच वर्षी टॉमस न्यूकोमेन या लोहाराने दट्ट्या आणि नळकांडे असलेले वाफेचे यंत्र इंग्लंडमधील एका कोळशाच्या खाणीवर चालवून दाखविले.

त्या पत्रानंतर पापिन यांचा माग हरवला. तीनशे वर्षे त्यांची मृत्युतिथी कोणालाच ठाऊक नव्हती. बहुतेक ग्रंथांत १७१२ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले जाई. लंडनच्या सेंट ब्राइड चर्चच्या दफनवहीत, २६ ऑगस्ट १७१३ या तारखेखाली, त्यांचे नाव असल्याचे २०१६ मध्ये उजेडात आले. सहासष्टावा वाढदिवस होऊन चारच दिवस झाले होते.

पापिन यांच्या झडपेची खरी किंमत जगाला नंतर कळली आणि ती फार मोठी मोजावी लागली. एकोणिसाव्या शतकात वाफेची यंत्रे सर्वत्र पसरली आणि बॉयलर फुटू लागले. काही चालक तर वेग वाढावा म्हणून सुरक्षा झडपच बांधून ठेवीत. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीवर 'सुलताना' या बोटीचे बॉयलर फुटून हजाराहून अधिक माणसे मेली. मार्च १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉकटन येथे बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटला आणि ५८ जण दगावले. अशा दुर्घटनांनंतर दाबपात्रांसाठी सक्तीचे नियम आले. पत्रा किती जाडीचा, सांधे कसे, चाचणी कोणती आणि झडप कोणत्या मापाची, हे लिहून ठेवले गेले.

पापिन यांच्या डायजेस्टरचा वंशही वाढला. बरोबर दोनशे वर्षांनी, १८७९ मध्ये, फ्रान्सच्या शार्ल शांबरलां यांनी त्याच तत्त्वावर निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह केला. त्याच वर्षी फ्रान्झ सॉक्सलेट या शास्त्रज्ञाने दुधातला स्निग्धांश काढण्यासाठी एक काचेचे उपकरण मांडले. त्यात विद्रावकाची वाफ होते, ती थंड होऊन पदार्थावर टपकते, हवा तो अंश घेऊन खाली जाते आणि पुन्हा वाफ होऊन वर येते. एकच विद्रावक पुनःपुन्हा फिरत राहतो. आज वनस्पतींतून सुगंधी द्रव्ये, तेले किंवा औषधी अर्क काढणारी बंद चक्राची यंत्रणा सॉक्सलेटच्या चक्राला पापिन यांचे बंद भांडे जोडूनच तयार झाली आहे. फरक इतकाच, की पाण्याच्या जागी तिथे बऱ्याचदा प्रोपेन, ब्यूटेन यांसारखे ज्वालाग्राही वायू दाबाखाली द्रवरूपात असतात.

अशी टाकी निवडताना पापिन यांचेच प्रश्न आजही विचारावे लागतात. पहिला प्रश्न, आत दाब जास्तीत जास्त किती होईल? प्रोपेनचा दाब २० अंश सेल्सियसला वातावरणाच्या सुमारे आठपट असतो. टाकी तापून ५० अंशांवर गेली, तर तो सतरापटींच्या आसपास जातो. ब्यूटेनचे हेच आकडे सुमारे दोन आणि पाच. म्हणजे विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हाचा विचार करूनच टाकी घ्यायची, थंड खोलीतल्या आकड्यावरून नव्हे. ब्यूटेनसाठी पुरेशी असलेली टाकी प्रोपेनला चालेलच असेही नाही. दुसरा प्रश्न, जास्तीचा दाब बाहेर कुठून जाईल? टाकीला तिच्या मर्यादेआधी उघडणारी सुरक्षा झडप हवी, टाकी आणि झडप यांच्यामध्ये कोणी बंद करून विसरेल असा कॉक नको आणि बाहेर पडणारा वायू माणसांपासून व ठिणगीपासून दूर, मोकळ्या हवेत गेला पाहिजे. तिसरा प्रश्न, आत जागा किती शिल्लक आहे? द्रव तापला की फुगतो. म्हणून अशा टाक्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच भरतात. काठोकाठ भरलेल्या टाकीत फुगणाऱ्या द्रवाला जागाच उरत नाही आणि थोड्या उष्णतेनेही दाब झपाट्याने चढतो. चौथा प्रश्न, हे सारे कोणी तपासले? ज्या टाकीवर बनविणाऱ्याचे नाव, सोसण्याचा दाब आणि चाचणीची तारीख ठोकलेली नाही, ती कितीही चकचकीत असली आणि कितीही स्वस्तात मिळाली, तरी घेऊ नये. चाचणी पाणी भरून करतात, त्यालाही कारण आहे. पाणी फारसे दाबले जात नाही. त्यामुळे चाचणीत टाकी फुटलीच, तर कोंडलेल्या वायूसारखा स्फोट होत नाही.

आपल्या देशात ज्वालाग्राही वायूंच्या सिलिंडरांवर आणि दाबपात्रांवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. तिच्या नियमांची एक खूण तर घरोघरी असते. स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीवर आतल्या बाजूने ए, बी, सी किंवा डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगविलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढची चाचणी त्या तिमाहीत व्हायला हवी, असा त्याचा अर्थ. ती तारीख उलटून गेलेली असेल, तर सिलिंडर बदलून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. कुकरच्या झाकणावरील सुरक्षा झडपेचेही तसेच. शिट्टी रोजचा दाब सांभाळते आणि शिट्टीची वाट तुंबली, तर झडप प्राण वाचविते. ती वितळली वा खराब झाली, तर त्या कंपनीची तशीच झडप बसवावी. भोक बुजवून काम भागवू नये.

ब्लॉय शहरात आज पापिन यांच्या नावाचा एक भव्य जिना आहे आणि त्याच्या माथ्यावर त्यांचा पुतळा उभा आहे. ज्या देशाने त्यांना परतू दिले नाही, त्याच देशाने नंतर हा मान दिला. लंडनमध्ये मात्र त्यांची नोंद उरली, ती दफनवहीतल्या एका ओळीपुरती. भांड्यातल्या दाबाला वाट काढून देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या हलाखीतून वाट सापडली नाही. उद्या सकाळी कुकरची पहिली शिट्टी होईल, तेव्हा गॅस बारीक करण्यापूर्वी क्षणभर त्यांची आठवण ठेवावी आणि लगोलग झाकणावरची झडपही एकदा पाहून घ्यावी.